परदेशात दवाखाना बांधणारे सॅपर आणि सातपुड्यातला पाडा

शिरपूरच्या एका तरुण स्थापत्य अभियंत्याने विचारलं आहे: सैन्यातले इंजिनिअर परदेशात जाऊन तिथल्या लोकांच्या बरोबरीने गावदवाखाने बांधतात, ते नेमकं कसं चालतं? जागा कोण ठरवतं, पैसा कुणाचा, बांधून झाल्यावर मालक कोण? त्यांचा मित्रांचा एक गट धडगावकडच्या एका पाड्यावर देणग्या जमवून छोटं आरोग्य केंद्र बांधायच्या विचारात आहे. तिथं ही पद्धत लागू पडेल का?

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलातला. खडकीला घडलो, पूल आणि रस्त्यांवर नोकरी झाली, आणि उत्तरार्धात दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत इंजिनिअर कंपनीबरोबर होतो. आता अमळनेरला असतो, पण कुणी बोलावलं तर सातपुड्यातली बांधकामं बघायला अजूनही जातो. म्हणून दोन्हीकडचं बोलतो.

आधी मुद्द्याचं सांगतो. दवाखान्याच्या भिंती उभ्या करणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. तो उद्या कोण चालवणार, हे पहिली खुंटी ठोकायच्या आधी कागदावर आलं असेल तरच बांधायला घ्यावं. परदेशातली जी कामं टिकली ती याच कारणाने टिकली, आणि फसली ती बहुतेक इथंच फसली.

पैशाचं आणि अधिकाराचं थोडक्यात सांगतो. शांतिसेनेच्या मोहिमांमध्ये ‘क्विक इम्पॅक्ट प्रोजेक्ट’ म्हणून एक निधी असतो. एका कामाला साधारण ५० हजार डॉलरची मर्यादा, आणि काम सहा महिन्यांत उरकायचं. हा पैसा सैनिकांच्या हाती येत नाही. मोहिमेची नागरी शाखा तो स्थानिक संस्थेला किंवा सरकारी खात्याला हप्त्याहप्त्याने देते. आमच्यासारख्यांनी डोझर, ग्रेडर, टँकर आणि तांत्रिक देखरेख पुरवायची. अमेरिकन सैन्याची वाट वेगळी आहे. त्यांच्या कायद्याच्या शीर्षक १० मधलं ४०१ वं कलम सैन्याला परदेशात साधी सार्वजनिक बांधकामं, विहिरी, ग्रामीण वैद्यकीय सेवा यांची परवानगी देतं, पण त्यातून त्या तुकडीचं स्वतःचं प्रशिक्षणही झालं पाहिजे अशी अट घालतं. परराष्ट्र मंत्र्याची मंजुरी लागते, आणि दुसरी कुठली मदत आधीच तिथं चालू असेल तर तेच काम पुन्हा करता येत नाही. फिलिपिन्समधल्या ‘बालिकातान’ सरावात तिथल्या सैन्याचे इंजिनिअर आणि अमेरिकन इंजिनिअर मिळून वर्गखोल्या आणि गावाची आरोग्य केंद्रं बांधतात, ते याच चौकटीत. आपल्याकडे भूतानमधला दंतक प्रकल्प १९६१ पासून चालू आहे. तिथं रस्ते, पारोचा विमानतळ अशी कामं झाली, पण ते दोन सरकारांमधलं दीर्घ नातं आहे. त्याची तुलना सहा महिन्यांच्या कामाशी करू नये.

या चौकटीतली एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. तुकडीच्या तारखा ठरलेल्या असतात. सराव अमुक दिवशी संपतो, तुकडी अमुक महिन्यात मायदेशी परतते. त्यामुळे दवाखान्याचा आकार रुग्ण किती येतील यावरून ठरण्याऐवजी हाती किती आठवडे आहेत यावरून ठरायला लागतो. उद्घाटनाची फीत वेळेवर कापली जाते आणि नळाला पाणी मागून कधीतरी येतं. तुमच्या गटाचंही असंच होऊ शकतं, कारण देणगीदारालाही ३१ मार्च असतो.

मोठ्या प्रमाणावर हे कसं बिघडतं त्याचं सगळ्यात नोंदलेलं उदाहरण इराकचं आहे. २००४ मध्ये तिथं १५० प्राथमिक आरोग्य केंद्रं बांधायचं काम एका मोठ्या अमेरिकन कंपनीला दिलं गेलं. देखरेख त्यांच्या सैन्याच्या इंजिनिअर कोअरची. दोन वर्षांनी, २००६ च्या एप्रिलमध्ये, इराक पुनर्बांधणीच्या विशेष महानिरीक्षकांचा अहवाल आला. सुमारे १८ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले होते आणि पूर्ण केंद्रं होती सहा. युद्ध चालू होतं, रस्त्यावर स्फोट होत होते, हे खरंच. पण सगळी कामं एका परक्या कंपनीकडे, एकाच वेळी देशभर सुरू, आणि प्रत्येक जागेवर उभं राहून बघणारा माणूस नाही, हेही तितकंच खरं होतं. पुढे उरलेली बरीच कामं थेट इराकी ठेकेदारांना दिली आणि मग ती हलली. स्थानिक ठेकेदाराला सिमेंट कुठून येतं, पोलीस चौकीवर कुणाशी बोलायचं, वीट कुठल्या भट्टीची घ्यायची, हे माहीत असतं. त्याच्या दारावरून रोज तो दवाखाना दिसतो. माझ्या मते दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे.

आता भागीदार म्हणजे कोण, ते सांगतो. गावचा प्रमुख, जमिनीचा मालक, बांधणारी संस्था, आणि चालवणारं आरोग्य खातं, ही चार वेगवेगळी माणसं असतात, आणि नवखा इंजिनिअर पहिल्या भेटीत जो भेटतो त्यालाच भागीदार मानून बसतो. दक्षिण सुदानमध्ये गावदवाखाने बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचं आरोग्य खातं आणि स्वयंसेवी संस्था मिळून चालवतात. परिचारिकेचा पगार आणि औषधांचे खोके देणगीदार देशांच्या निधीतून येतात. म्हणजे प्रमुखाने कितीही आनंदाने जमीन दिली तरी जिल्ह्याच्या यादीत त्या दवाखान्याचं नाव चढलं नाही, तर गोळ्या येणार नाहीत. म्हणून आम्ही रेकीच्या, म्हणजे जागेच्या पहिल्या पाहणीच्या वेळी एकच गोष्ट आधी मागत असू: आरोग्य खात्याचं पत्र. किती पदं, पगार कोण देणार, औषधं कुठल्या भांडारातून येणार, दुरुस्तीचा खर्च कुणाच्या डोक्यावर. असं पत्र द्यायला खातं तयार नसेल, तर तिथं विहीर किंवा रस्ता द्यावा आणि दवाखाना दुसरीकडे न्यावा.

जागेचं राजकारण तिथं जिवावर बेततं. दोन जमातींच्या वस्त्यांमधल्या पाऊलवाटेवर दवाखाना ठेवला तर दोन्हीकडच्या बायका येतात. एकीच्या वस्तीच्या पोटात ठेवला तर दुसरी येतच नाही, आणि भांडण झालं की पहिला दगड दवाखान्यावर पडतो. नकाशावर मध्यबिंदू काढून हे कळत नाही. बायका पाणी कुठून आणतात, कुठल्या वाटेने बाजाराला जातात आणि कुठली वाट टाळतात, हे विचारावं लागतं. आणि विचारायचं तर भाषा लागते. आमच्याकडे जुबा अरबी बोलणारा एक हुशार दुभाषा होता, पण अप्पर नाईल प्रांतातल्या शिलुक जमातीच्या म्हाताऱ्या त्याच्यासमोर बाळंतपणाविषयी एक अक्षर बोलेनात. तो पुरुष, त्यात शहरी. शेवटी तिथल्याच शाळेत शिकवणारी एक मुलगी आली आणि बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी जे केलं ते मी आजही प्रत्येक कामावर करायला सांगतो. दवाखान्याचा नकाशा कागदावर दाखवून कुणाला काही कळत नाही. आम्ही पूर्ण मापाचा नकाशा मोकळ्या जमिनीवर चुनाफक्कीने आखला. भिंतीच्या जागी रेघ, दाराच्या जागी मोकळं अंतर. मग गावातल्या वयस्क सुईणीला आणि नेमणूक झालेल्या परिचारिकेला म्हणालो, समजा आता रात्र आहे आणि एक बाई येते आहे, चालून दाखवा. चार जणांनी एक खाट उचलली, त्यावर एक मुलगी झोपली. खाट दारातून वळेना. कागदावर तो दरवाजा ९० सेंटिमीटरचा होता. तो आम्ही १२० चा केला आणि बाहेरचा ओटा रुंद केला. मग सुईण प्रसूतीच्या खोलीच्या रेघेत जाऊन उभी राहिली आणि बोटाने झाडाकडे दाखवलं. झाडाखाली पुरुष बसतात, आणि दार नेमकं त्यांच्या तोंडासमोर उघडत होतं. ती म्हणाली, या दाराने कुणी बाई आत जाणार नाही. दार मागच्या बाजूला गेलं, मध्ये आडभिंत आली. परिचारिकेने हातात ताट घेऊन ड्रेसिंगच्या खोलीपासून पाण्याच्या जागेपर्यंत दोनदा ये-जा केली आणि बेसिनची जागा बदलून घेतली. या सगळ्याला अर्धा दिवस आणि चुन्याचं एक पोतं लागलं. भिंत उभी राहिल्यावर हेच बदल करायचे म्हटले असते तर कुणी केले नसते.

तुमच्याकडे ही युक्ती तशीच्या तशी चालेल. फक्त लक्षात ठेवा, अहिराणी बोलून खानदेशात आपलं सगळीकडे भागतं असं आपल्याला वाटतं, पण धडगावच्या वरच्या पाड्यांवर पावरी आणि भिली बोलतात. तिथली आशाताई आणि तिथलीच दाई सोबत घ्या. पाड्यावर पेशंट बांबूच्या झोळीतून येतो, तेव्हा दार, वळण आणि रॅम्प झोळीच्या मापाने ठेवा. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा जास्त नको.

आता मातीचं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं जास्त बोलतो. अप्पर नाईलमधल्याच मलाकाल गावाच्या बाजूला उतरलो आणि जमीन बघितली तेव्हा तापीकाठची आपली काळीच समोर आली. उन्हाळ्यात भेगा अशा की हातभर काठी सहज आत जाते. पावसाळ्यात तीच माती भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. तिच्यावर साधा उथळ पाया घातला की पहिल्या दोन पावसाळ्यांतच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दारं चौकटीत अडकतात, आणि फरशी मधोमध वर येते. तिथल्या लोकांच्या गवती छपराच्या गोल मातीच्या घरांना याचा त्रास कमी, कारण ती हलकी असतात आणि दरवर्षी लिंपली जातात. बाहेरचे इंजिनिअर येतात आणि जड विटांची लांबलचक आयताकृती इमारत त्याच मातीवर बसवतात.

या मातीचा इलाज आपल्याच देशात निघालेला आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइल विकसित केले, म्हणजे तळाशी रुंद केलेले, जमिनीत खोल उतरणारे काँक्रीटचे खांब. हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मातीच्या मोठ्या गिरमिटाने, साधारण साडेतीन मीटर खोल भोक घ्यायचं, म्हणजे ओल-कोरडेपणाचा खेळ जिथं थांबतो तिथपर्यंत. तळाशी ते भोक खास अवजाराने रुंद करायचं, खोडाच्या साधारण अडीच पट व्यासाचा फुगा तयार होतो, मग सळई आणि काँक्रीट. माती वर ढकलायला लागली की हा फुगा इमारतीला खाली धरून ठेवतो. वरून जी बीम जाते तिच्या खाली मातीपासून थोडी पोकळी ठेवायची, नाहीतर फुगलेली माती बीमलाच उचलते. पोकळी ठेवायची राहून जाते असं मी अनेक साइटवर बघितलं आहे, कारण वरून ती कुणाला दिसत नाही. दुसरा मार्ग म्हणजे काळी माती काढून खाली न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर नीट पाणी मारून आणि दाबून भरायचा. आपल्याकडे मुरूम मुबलक आहे. मलाकालकडे ना दगड ना मुरूम. माल नाईलमधून बार्जने येतो, नाहीतर कोरड्या दिवसांत लांबून ट्रकने. मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि त्या मातीत रस्ता म्हणून काही उरत नाही. म्हणून तिथं पाइलच परवडतात, आणि ऑगर फिरवायला यंत्र लागत नाही, गावातले चार तरुण पुरतात.

पाया कसाही असो, इमारतीभोवती किमान मीटरभर रुंदीची फरसबंदी, छपराला पन्हाळी, आणि पाणी लांब नेणारी नाली हवीच. काळ्या मातीत भिंतीजवळ पाणी साचू देणं म्हणजे पायाचा घात. भिंतीला लागून झाडही लावू नका, ते ओल शोषतं आणि माती एकीकडेच आकसते.

तुमचा पाडा मात्र वर डोंगरात आहे. तिथं बहुधा हातभर मातीखाली खडक लागेल, तेव्हा फुगण्याची भीती नाही. तिथला धोका उताराचा. अर्धी इमारत कापलेल्या खडकावर आणि अर्धी भरावावर बसवली की भरावाची बाजू खचते आणि मधोमध चीर पडते. जागा थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण पूर्ण इमारत कापलेल्या भागावर बसवा. वरच्या अंगाला पाणी अडवून वळवणारा चर खणा. संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवा. आणि लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर चहूबाजूंनी सलग सळईची पट्टी फिरवा. छोट्या इमारतीत ही पट्टी लोक वाचवतात, ती वाचवू नका.

काँक्रीटला पाणी पाजणं, म्हणजे क्युरिंग, हे परदेशी कामांत सगळ्यात आधी बळी जातं. उष्ण कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि मिश्र सिमेंटला चौदा दिवस ओल ठेवा असं आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं. आता विचार करा, ज्या गावात बायका मैलभरावरून हंडे आणतात तिथं स्लॅबवर दिवसातून चार वेळा पाणी ओतायचं. लोकांना ते बघवत नाही, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून क्युरिंगचं पाणी वेगळं, टँकरने, गावाच्या पाण्याला हात न लावता, आणि गोणपाट अंथरून. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. अशा उन्हात गोणपाट दोन तासांत वाळतं. शक्य असेल तर काँक्रीटचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका.

पण त्यात एक अडचण आहे. दिवाळीनंतर तुमच्या भागातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. म्हणजे जेव्हा काँक्रीटला हवा चांगली तेव्हा गावात माणूस नाही. दक्षिण सुदानात डिंका आणि नुएर तरुण कोरड्या दिवसांत गुरं घेऊन नदीकाठच्या कुरणांवर जातात, तेव्हा आमचीही हीच गत होती. यावर मार्ग असा: निर्णयाची बैठक सगळे घरी असताना घ्या, म्हणजे तुमच्याकडे दिवाळीआधी. मागे राहणाऱ्यांपैकी दोघातिघांना गवंडीकामावर घ्या आणि त्यांना काम शिकवा. पुढची वीस वर्षं ती इमारत तेच दुरुस्त करणार आहेत. नळ, कड्या, बिजागऱ्या, पत्र्याचे स्क्रू, सगळं तालुक्याच्या बाजारात मिळणारं घ्या. परदेशात मी अतिशय उत्तम दर्जाचे नळ बंद पडलेले पाहिले आहेत, कारण त्यांचा वॉशर त्या देशात विकतच मिळत नव्हता.

पाण्याचं गणित आता नीट मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत बाह्यरुग्णाला एका तपासणीमागे ५ लिटर, दाखल रुग्णाला दिवसाला ४० ते ६० लिटर, आणि एका प्रसूतीला १०० लिटर पाणी धरलेलं आहे. रोज तीस रुग्ण आणि सरासरी एक बाळंतपण धरलं तर अडीचशे लिटर झाले, कर्मचाऱ्यांचं राहणं धरून तीनशेच्या पुढे. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० हजार लिटर पाणी पडतं, त्यातलं ऐंशी टक्के गोळा झालं तरी ५६ हजार. कागदावर सहा महिने निघतात. पण तेवढी टाकी बांधायची तर अर्धं बजेट तिथंच संपतं, म्हणून छपराचं पाणी हा आधार धरा आणि मुख्य स्रोत वेगळा ठेवा. डोंगरात पाड्याच्या वर झरा असेल तर पाइपने उताराने पाणी आणता येतं, पंप लागत नाही. जिथं पंपाशिवाय भागतं तिथं पंप लावू नका. प्रसूतीच्या खोलीत कोपराने उघडणारा नळ, न घसरणारी फरशी, आणि फरशीला नालीकडे उतार, एवढं तरी झालंच पाहिजे.

शीतसाखळीचं, म्हणजे लस थंड ठेवायच्या सोयीचं थोडक्यात. लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस लागतं. वीज नसलेल्या देशांत पूर्वी सौर पॅनल आणि बॅटऱ्यांवर फ्रिज चालत, आणि काही वर्षांत बॅटऱ्या मरत. आता बॅटरीशिवाय थेट सूर्यावर चालणारे फ्रिज मिळतात, दिवसा बर्फ जमवून रात्री थंड राहतात, तिथं तेच घ्यावेत. आपल्याकडे मात्र उपकेंद्राला फ्रिज लागतच नाही. लस प्राथमिक आरोग्य केंद्रातून सत्राच्या दिवशी बर्फाच्या डब्यातून येते. देणगीदाराला फ्रिज द्यायला आवडतो, त्याला पाण्याची टाकी द्यायला सांगा.

कचऱ्याचा खड्डा मात्र नकाशात पहिल्या दिवसापासून हवा. सुया, बाळंतपणातली वार, रक्ताचे बोळे यांची सोय नसली की ते मागच्या बाजूला टाकले जातात, आणि तिथं पोरं खेळतात. भारतात जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. खोल पुरण्याची परवानगी फक्त दुर्गम भागात, जिथं कचरा प्रक्रिया केंद्राची गाडी पोचत नाही तिथं, आणि खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली असलं पाहिजे. झऱ्याच्या वरच्या अंगाला खड्डा कधीच नको.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण सैनिक म्हणून मला तो टाळता येत नाही. गणवेशातल्या माणसाने दवाखाना बांधणं योग्य आहे का? आपत्तीत परदेशी सैन्याच्या मदतीविषयी १९९४ मध्ये ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वं आली, २००७ मध्ये ती सुधारली. त्यांचा सूर स्पष्ट आहे: नागरी यंत्रणेला शक्य नसेल तेव्हाच सैन्य, शेवटचा पर्याय म्हणून. त्यामागचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या दवाखान्यावर एखाद्या सैन्याचा शिक्का बसतो तो त्या सैन्याच्या शत्रूच्या नजरेत येतो, आणि मग तिथली परिचारिका आणि रुग्ण धोक्यात येतात. रेड क्रॉससारख्या संस्था सैन्याच्या गाड्यांपासून अंतर राखतात ते याच काळजीपोटी. आमचे काही सहकारी त्यावर नाराज व्हायचे, मला मात्र त्यांचं पटत आलं आहे. आम्ही शक्य तिथं माती आणि रस्त्याचं काम यंत्रांनी आधी उरकून बाजूला व्हायचो, आणि भिंती, छप्पर, रंग हे स्थानिक गवंड्यांच्या हातून होऊ द्यायचो. इमारतीवर आमच्या तुकडीचं नाव नसायचं. आरोग्य खात्याचं असायचं. हत्यार घेऊन कुणी त्या कुंपणात पाऊल टाकायचं नाही, हे आमच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितलेलं असे आणि गावकऱ्यांनाही. सैन्याची खरी गरज पडते ती ठेकेदार जाऊ शकत नाही तिथं: पूल वाहून गेलेला, सुरुंगांची भीती, महापूर, भूकंप. बाकी ठिकाणी पैसा आणि काम तिथल्याच माणसांना द्यावं, हे माझं ठाम मत आहे.

आता तुमचा पाडा. निकषानुसार डोंगराळ आणि आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आणि २० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. पाडे विखुरलेले असतात, त्यामुळे तीन हजारांत कुणाकुणाला धरलं आहे आणि मधे कुठला नाला पावसाळ्यात वाट बंद करतो, हे स्वतः चालून पाहा. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांसाठी नंदुरबार जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालवावा लागला, कारण तिथं रस्त्याचं अंतर आणि माणसाचं अंतर यांचा मेळच बसत नाही.

तेव्हा पहिलं काम, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊन विचारा: या पाड्यासाठी उपकेंद्र मंजूर आहे का, नर्सबाईंचं आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं पद आहे का, भरलेलं आहे का. मंजूर असून इमारत नसेल, तर तुमचा पैसा सोन्यासारखा कामी येईल. जिल्हा परिषदेशी लेखी करार करून, त्यांच्याच नमुना नकाशावर बांधा. पद मंजूरच नसेल, तर नवी इमारत उभी करू नका. त्याऐवजी जवळच्या चालू उपकेंद्राला हात द्या. मी सातपुड्यात अशी उपकेंद्रं पाहिली आहेत जिथं इमारत ठणठणीत आहे, पण नर्सबाईंच्या खोलीला पाणी नाही, संडासाला दार नाही, म्हणून त्या तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात आणि रात्रीचं बाळंतपण पुन्हा झोळीत जातं. राहण्याजोगी दोन खोल्या, पाण्याची टाकी, बाहेरचा दिवा आणि पक्कं कुंपण, एवढ्यावर रात्रीची सेवा सुरू होऊ शकते. एकटी बाई तिथं राहणार आहे, हे डोळ्यासमोर ठेवून खिडक्या आणि कड्या निवडा.

जागा वनजमिनीवर असेल तर घाबरू नका. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये दवाखान्यासारख्या तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. ही शिफारस लोक घाईघाईने सही गोळा करून उरकतात. तसं करू नका. पाड्यावरच ग्रामसभा घ्या, बायकांना बसवा, चुना आखून दाखवा, आणि ठरावात जागेबरोबरच पाण्याचा स्रोत, रस्ता आणि देखभाल समितीतली नावंही लिहून घ्या.

हस्तांतराचा कागद आत्ताच तयार करा, शेवटी नको. त्यात किल्ल्या कुणाकडे, टाकी वर्षातून किती वेळा धुवायची आणि कोण धुणार, गळती झाली तर कुठल्या निधीतून दुरुस्ती, एवढं मराठीत साध्या वाक्यांत लिहा. विजेचा आणि नळाचा खरा नकाशा, म्हणजे जसं प्रत्यक्ष बसवलं तसा, लॅमिनेट करून भिंतीवर लावा. पहिल्या पावसाळ्यानंतर स्वतः परत जा आणि चिरा, गळती, नाली बघा. देणगीच्या रकमेतला दहावा हिस्सा त्या भेटीसाठी आधीच बाजूला काढून ठेवा, नंतर तो कुणी देत नाही.

आरोग्य अधिकाऱ्यांचं उत्तर, जागेचा सातबारा किंवा वनहक्काचा कागद, आणि उताराच्या बाजूने काढलेले जागेचे दोनचार फोटो हाती आले की मला दाखवा. खड्डा खणून दोन हात खाली काय लागतं तेही बघून ठेवा, म्हणजे जोत्याची उंची आणि पाया मी त्यावरून सांगू शकेन.